भिंतीवरच्या बातम्या परत लावा : शाळेच्या संचालक मंडळाला एका आईचं खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि सर्व संचालक यांना,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी धाकट्याला शाळेत सोडायला आले आणि जिन्याखालच्या फलकापाशी थांबले. गेली तीन वर्षं फेब्रुवारी सरत आला की तिथं ‘वसंतवार्ता’, म्हणजे मुलांनी लिहिलेल्या बातम्यांचा कागद, लागायची. यंदा तिथं चौथीच्या सराव परीक्षेची यादी आहे. पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत, नावासकट आणि गुणांसकट. शेवटच्या तीन नावांखाली कुणीतरी लाल पेनानं रेघ ओढली आहे. माझ्या मुलीचं नाव वरून सहावं आहे. पोरीला गुण कमी पडले म्हणून आई चिडली, असं कुणाला वाटू नये यासाठी हे आधीच सांगते. शेवटून दुसरं नाव ज्या मुलाचं आहे, त्याच्याबद्दल मला पुढं सांगायचं आहे.

मी याच शाळेत शिकले. आता माझी मोठी चौथीत आहे, धाकटा दुसरीत. आमचा पेठेत चटणीचा डंक, म्हणजे मिरची-मसाला कांडायची गिरणी आहे, त्यामुळं होळीच्या आधीपासून मे महिन्यापर्यंत मला श्वास घ्यायला फुरसत नसते. घराघरांतून मिरच्यांची पोती, धन्याची गाठोडी, खोबऱ्याच्या वाट्या येऊन पडलेल्या असतात. अशा दिवसांत रात्री अकराला बसून मी हे लिहिते आहे.

फेब्रुवारीत पालकांच्या ग्रुपवर एक ओळ आली: शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी दुसरी ते चौथीचे सर्व उपक्रम पुढील सूचनेपर्यंत बंद. त्या ग्रुपवर आम्हाला उत्तर लिहिता येत नाही, तशी सोयच ठेवलेली नाही. पालक सभा झाली नाही. वर्गशिक्षिकांना विचारलं तर त्या खाली बघून म्हणाल्या, “वरून आलंय.” म्हणून वर लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

काय बंद झालं ते संचालक मंडळाच्या बैठकीत ‘उपक्रम’ या एका शब्दात मावलं असेल. आम्हा पालकांना ते एकेक करून आठवतं.

पहिली ती वसंतवार्ता. मोठ्या पांढऱ्या कागदावर मुलांनी स्वतः लिहिलेल्या बातम्या. अट एकच होती, बातमी आपल्या डोळ्यांनी बघितलेली पाहिजे. गेल्या वर्षीच्या काही बातम्या मी फोनवर टिपून ठेवल्या होत्या. “आमच्या गल्लीतल्या पिंपळाला तांबडी पानं आली. ती मऊ आहेत.” “रंकाळ्यावर तांबट टुक टुक करतो. आवाज येतो पण तो दिसत नाही. बाबांनी दाखवला तेव्हा दिसला.” “आजीनं सांडगे घातले. दोन कावळ्यांनी नेले.” “जोतिबाची सासनकाठी आमच्या दारातून गेली. गुलालानं आमची मांजर गुलाबी झाली.” खाली नाव, इयत्ता, तारीख.

माझा धाकटा तेव्हा पहिलीत होता. पुस्तक समोर धरलं की जांभया द्यायचा. सांडग्यांची बातमी त्याच्या ताईची होती, आणि त्यातली आजी त्याची आजी. तो फलकासमोर उभा राहिला, बोट लावलं आणि “सां... ड... गे” असं वाचलं. घरी येऊन आजीला म्हणाला, तुझं नाव शाळेत लागलंय. त्या दिवसापासून तो दुकानांच्या पाट्या, एसटीचे फलक, चटणीच्या पुड्यांवरची लेबलं, दिसेल ते वाचत सुटला. तो काही एका दिवसात शिकला नाही, बाईंनी वर्षभर घेतलेले कष्ट त्यामागं होते. पण वाचायचं कशासाठी, ते त्याला त्या फलकापाशी कळलं.

दुसरं, क्षेत्रभेटी. गेल्या मार्चमध्ये बाई तिसरीच्या अठ्ठावीस मुलांना घेऊन आमच्या डंकावर आल्या होत्या. मी मशीन बंद ठेवलं होतं, तरी मिरचीचा खकाणा हवेत असतोच. रुमाल नाकाला लावून सगळी दारात उभी आणि एकामागून एक शिंका. ब्याडगी कुठली आणि संकेश्वरी कुठली ते त्यांनी हातात घेऊन बघितलं. रंगाला एक, तिखटाला दुसरी. मग बाईंनी वजनकाट्यावर काम लावलं. “सव्वा किलो मिरची मोजायची आहे, पण माझ्याकडं पाव किलोचंच माप आहे. किती वेळा घालू?” वर्गातली हुशार मुलं बोटं मोजायला लागली. मागं उभा असलेला एक मुलगा, जो बाईंच्या म्हणण्याप्रमाणं वर्गात तोंड उघडत नव्हता, तो पुढं न येताच म्हणाला, “पाच पाव.” बाईंनी विचारलं, “आणि पावणेदोन किलोला?” तो म्हणाला, “सात.” त्याच्या वडिलांची भाजीची गाडी आहे. संध्याकाळी तो गाडीवर वजनं टाकतो.

माझ्या सासूबाई तिथं मिरचीची देठं काढत बसल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. त्यांनी लहानपणी पाठ केलेली पावकी म्हणायला सुरुवात केली: एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. मुलं त्यांच्या मागून म्हणायला लागली आणि तो मुलगा सगळ्यांत मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर अपूर्णांक सुरू केले ते पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड इथून. माझी मुलगी सांगते की त्या आठवड्यात तो मुलगा इतरांना शिकवत होता.

यादीत शेवटून दुसरं नाव त्याचं आहे.

त्याला गणित येत नाही असं ती यादी सांगते. पण माझ्या काट्यावर त्यानं जे केलं ते मी बघितलं आहे. दीड तासात ७५ प्रश्न वाचून गोल रंगवणं त्याला अजून जमत नाही, एवढंच ती यादी खरं सांगते. ते जमावं म्हणून त्याला मदत हवी, यात वाद नाही. त्याच्या नावाखाली ओढलेली लाल रेघ ही मदत नव्हे. गेल्या आठवड्यात तो तीन दिवस शाळेत आला नाही. माझ्या मुलीनं विचारलं तर म्हणाला, पोटात दुखत होतं.

तिसरी गोष्ट परसबागेची. शाळेमागं चार वाफे होते. मेथी, मुळा, कोथिंबीर, एका कोपऱ्यात शेवगा, दुसऱ्या कोपऱ्यात कढीपत्ता. पहिलीच्या मुलांना पाणी घालायची पाळी असायची. तिथली भाजी खिचडीत पडायची आणि एरवी मेथी बाजूला काढून ठेवणारी मुलं आपली मेथी म्हणून खायची. जानेवारीत त्या जागेवर पेव्हिंग ब्लॉक बसवले. आता तिथं दुचाक्या लागतात. कढीपत्त्याचं झाड तेवढं राहिलं आहे, पण सिमेंट त्याच्या बुंध्याला भिडलं आहे. पाणी मुरायला चार बोटं जागा ठेवलेली नाही. आमच्या मुलांनी लावलेलं झाड आहे ते. निदान त्याच्या भोवतीचे ब्लॉक तरी उद्याच्या उद्या काढा, एवढं काम एका गवंड्याचं आणि एका तासाचं आहे.

आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगते. मुलांचा बाजार रद्द झाला. कारण दिलं, कचरा होतो. पक्ष्यांसाठी गॅलरीत टांगलेली मातीची भांडी काढली. सकाळच्या शाळेत रोज शेवटचा अर्धा तास गोष्ट किंवा गाणं असायचं, तिथं आता प्रश्नपत्रिका असते. आणि शनिवार. राज्य सरकारनं २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. आपल्या शाळेत शनिवार हा सराव परीक्षेचा वार झाला आहे, दुसरीच्या पोरांनासुद्धा. दुसरीतल्या मुलाची शिष्यवृत्ती दोन वर्षं लांब आहे. त्याला शुक्रवारी रात्री झोप का लागत नाही याचं उत्तर मी आई म्हणून काय द्यावं?

सावलीबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण तो प्रयोग अर्ध्यावर तुटला आहे आणि अजून वाचवता येईल.

बाईंनी तिसरी-चौथीच्या मुलांना एक काम दिलं होतं. रविवारी दुपारी साडेबाराला दारात तीस सेंटिमीटरची काठी सरळ उभी करायची, सावली मोजायची आणि सोमवारी वर्गातल्या तक्त्यावर लिहायची. मार्चच्या पहिल्या रविवारी सावली साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास भरते. २१ मार्चच्या सुमारास, दिवस आणि रात्र सारखी होते तेव्हा, ती पावणेनऊवर येते. एप्रिलच्या मध्याला चारच्या घरात. आणि ६ मेच्या आसपास भर दुपारी कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीला सावलीच उरत नाही. मुंबईत तो दिवस मेच्या मध्यानंतर येतो, कारण मुंबई आपल्या उत्तरेला आहे. सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेकडं सरकतो हे पुस्तकातलं वाक्य मुलांनी पट्टीनं मोजायचं होतं. गेल्या वर्षी सुट्टी असूनही पंधरा-वीस मुलं त्या दिवशी मैदानावर जमली होती. आपल्याच पायाखाली आपली सावली गोळा झालेली बघून काय आरडाओरडा केला त्यांनी! मोठी माणसंही थांबून बघत होती. यंदा तक्ता वर्गातून काढला आहे. माझी मुलगी अजूनही दर रविवारी मोजते आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिते. शाळेत दाखवायला जागा नाही म्हणून.

या सगळ्यात उन्हाचा विषय वेगळा. सकाळची शाळा उन्हासाठी केलेली असते. साडेअकराला सुटायची ती शाळा जादा तासामुळं साडेबाराला सुटते, आणि तो तास पत्र्याच्या हॉलमध्ये होतो. दोन पंख्यांपैकी एक चालतो. परवा तिथं एका मुलीला चक्कर आली. तिला लिंबूपाणी देऊन परत बसवलं. मार्चमध्ये ही गत आहे, एप्रिल अजून यायचा आहे.

आता तुमची बाजू. शिष्यवृत्तीला कोल्हापुरात किती मान आहे, हे मला सांगायची गरज नाही. परीक्षा पाचवीवरून पुन्हा चौथीला आणायचा निर्णय झाल्यापासून प्राथमिक शाळांवर ओझं आलं आहे, हेही समजतं. शेजारच्या शाळेच्या फलकावर वीस फोटो आणि आपल्यावर चार, असं झालं की पालकच तुम्हाला विचारतात, पट कमी होतो, आणि पट कमी झाला की शिक्षकाची जागा जाते. मलाही माझी मुलगी यादीत यावी असं वाटतं. तिला रोज संध्याकाळी एक तास मी बसवते, बुद्धिमत्तेची कोडी मीही तिच्याबरोबर सोडवते. शिक्षकांचा तर मला राग नाहीच. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, रोजची ऑनलाइन माहिती भरून त्यांच्या हातात जो वेळ उरतो, त्यात त्यांनी हे सगळं उभं केलं होतं. वसंतवार्तेचा कागद बाई स्वतःच्या पैशानं आणायच्या.

पण तयारी आणि उपक्रम यांतलं एकच ठेवता येतं, हे कुणी ठरवलं? पावकीनं अपूर्णांक सुटले, बातमीनं वाचन जमलं. हे दोन्ही त्या परीक्षेच्या पेपरात आहेत. आणि समजा नसते, तरी शाळा काही एका परीक्षेपुरती नसते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा २९ व्या कलमात सांगतो की शिकणं कृतीतून, शोधातून, बालस्नेही पद्धतीनं व्हावं आणि मूल भीती व ताण यांपासून मुक्त असावं. हा कायदा तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. गुणांची यादी भिंतीवर लावून तो पाळला जात नाही.

आपल्या गावाला शिक्षणाचा जो वारसा आहे त्याचा उल्लेख तुमच्या प्रत्येक भाषणात असतो. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे केवढा! इतकी सक्ती कुणासाठी होती? ज्यांच्या घरात आधी कुणी शाळा बघितली नव्हती त्यांच्यासाठी. भाजीच्या गाडीवरून थेट वर्गात येणारा मुलगा त्यांतलाच आहे. तो पोटदुखीचं कारण सांगून घरी बसायला लागला, तर आपण महाराजांच्या फोटोला हार घालताना काय मनात आणायचं?

पाडवा जवळ आला आहे. प्रवेशासाठी शाळेच्या दारात नवा फलक लागला आहे. त्यावर तीन मोठे फोटो आहेत: परसबागेत पाणी घालणाऱ्या मुली, वसंतवार्तेसमोरचा घोळका, आणि आमच्या डंकावर काटा धरून उभी असलेली मुलं. तो फोटो मी काढलेला आहे. मी तो आनंदानं दिला होता, आजही तो काढा असं म्हणत नाही. पण तो बघून जे आईबाप पाडव्याला पाटीपूजन करून आपलं मूल तुमच्याकडं आणतील, त्यांना फोटोतली शाळा मिळाली पाहिजे.

म्हणून आम्हा पालकांच्या मागण्या. माझ्यासोबत आणखी पालकांच्या सह्या आहेत आणि त्या कागदाची प्रत कार्यालयात दिली आहे. इथं नावं लिहिलेली नाहीत ती मुलांना वर्गात कुणी काही बोलू नये म्हणून.

गुणांची यादी आजच उतरवा. प्रत्येक मुलाचे गुण त्याच्या पालकांना वेगळे सांगा आणि मागं पडलेल्यांसाठी काय करणार आहात तेही सांगा. त्या जागी वसंतवार्ता पाडव्याच्या आधी लागू द्या. कागदाचा खर्च बाईंच्या पदराला नको, आम्ही वर्गणी काढू.

पहिली ते तिसरीच्या शनिवारच्या सराव परीक्षा बंद करा. चौथीच्या मुलांना महिन्यातले दोन शनिवार तरी मोकळे सोडा. जादा तास घ्यायचाच असेल तर वर्गात घ्या, पंख्याखाली, आणि साडेअकराला शाळा सोडा. पत्र्याचा हॉल जूनपर्यंत बंद ठेवा.

परसबागेसाठी निम्मी जागा परत करा. ब्लॉक उचलायला, माती आणायला आम्ही येतो. आमच्यातले तिघं शेतकरी घरातले आहेत, शेणखत त्यांच्याकडचं.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पंधरा दिवसांत बोलवा आणि इतिवृत्त दर्शनी फलकावर लावा. कायद्यानं या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आमच्या समितीत कोण आहे, हे आम्ही दहा पालकांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. आणि ग्रुपवर आम्हाला लिहायची मुभा द्या.

ज्या शिक्षकांनी हे उपक्रम चालवले त्यांच्यावर या पत्रामुळं कसलीही कारवाई होऊ नये. त्यांनी मला हे लिहायला सांगितलेलं नाही. माझ्याशी त्यांनी या विषयावर ‘वरून आलंय’ या दोन शब्दांपलीकडं बोलणं केलेलं नाही.

मी डंकावर सकाळी आठ ते रात्री नऊ असते. तुमच्यापैकी कुणीही कधीही या, बसून बोलू. आणि काही नाही तरी एवढं करा: ६ मेला शाळेला सुट्टी असेल, पण मुलं काठ्या आणि पट्ट्या घेऊन दुपारी बाराला मैदानावर येणार आहेत. त्या दिवशी फाटकाला कुलूप नको.

आपली,
शाळेची माजी विद्यार्थिनी आणि दोन मुलांची आई
कोल्हापूर